स्थळ, वेळ आणि सवय : प्रत्यक्षस्थळी निसर्गचित्रण स्पर्धांच्या परीक्षणाचा विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कलामहाविद्यालये, कलाशिक्षकांच्या संघटना आणि हौशी चित्रकारांची मंडळे यांच्या उपक्रमांत प्रत्यक्षस्थळी निसर्गचित्रणाच्या स्पर्धेला आता कायमचे स्थान मिळाले आहे. स्पर्धेचे स्वरूप सामान्यतः ठरलेले असते. सकाळी नावनोंदणी होते, कागदावर आयोजकांचा शिक्का उमटतो, आणि घाट, किल्ला, जुनी पेठ अथवा तलाव अशा एखाद्या परिसरात स्पर्धक विखुरतात. तीन-चार तासांनी चित्रे गोळा होतात, ती ओळीने मांडली जातात आणि सायंकाळपर्यंत पारितोषिके जाहीर होतात. पुढे बातमी आली तर तिच्यात विजेत्यांची नावे असतात. चित्रांविषयी मात्र एखादे वाक्यही क्वचितच आढळते.

कलासमीक्षेने या उपक्रमाची दखल फारशी घेतलेली नाही. निसर्गचित्र हा विद्यार्थिदशेतील अभ्यास आहे आणि स्पर्धा हा एक सामाजिक कार्यक्रम आहे, अशी समजूत त्यामागे दिसते. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे; कारण कलाशाखेचे विद्यार्थी दरवर्षी या स्पर्धांत भाग घेतात आणि ‘चांगले निसर्गचित्र’ म्हणजे काय याची त्यांची कल्पना बऱ्याच अंशी तेथील निकालांवरून घडते. प्रस्तुत लेखात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : जे चित्र स्थळावर बसून काढले, त्याच्या परीक्षणात त्या स्थळाला काही स्थान असते काय? प्रत्यक्षस्थळी चित्रणाचे खरे मोल चित्रकाराच्या अंगवळणी पडलेल्या पद्धतीला स्थळाने केलेल्या विरोधात असते, आणि प्रचलित परीक्षणात नेमका हाच विरोध नजरेआड होतो, अशी या लेखाची भूमिका आहे.

अभ्यासचित्र आणि स्पर्धाचित्र

उघड्यावर चित्र काढण्याच्या प्रथेचा युरोपातील इतिहास पाहता वेळेच्या मर्यादेचा प्रश्न आरंभापासून तिच्याशी निगडित असल्याचे दिसते. फ्रेंच चित्रकार पिएर-आंरी द व्हालांसिएन याने १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या यथादर्शनावरील ग्रंथात निसर्गासमोर केलेला अभ्यास दोन तासांपेक्षा अधिक लांबवू नये आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा परिणाम टिपायचा असेल तर अर्ध्या तासात काम संपवावे, असा सल्ला दिला होता. ही मर्यादा प्रकाशाने घातलेली होती. प्रकाश पालटला की समोरचे दृश्य पालटते, मग आरंभी घेतलेल्या नोंदी आणि नंतरच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, हा त्यामागचा विचार. मात्र असा अभ्यास म्हणजे पूर्ण चित्र असे व्हालांसिएनने मानले नव्हते. पूर्ण चित्र चित्रशाळेत घडायचे.

त्या काळातील अधिकृत स्पर्धाही याच भेदावर उभी होती. फ्रान्समधील रोम पारितोषिकात ऐतिहासिक निसर्गचित्राचा स्वतंत्र विभाग १८१७ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये तो बंद झाला. त्यात उमेदवाराला नेमून दिलेल्या जातीचे झाड स्मरणाने रंगवावे लागे आणि अंतिम चित्र बंद खोलीत बसून पूर्ण करावे लागे. निसर्गचित्राची स्पर्धा, पण निसर्ग खोलीच्या बाहेर! आज ही व्यवस्था विचित्र वाटते. परंतु तिच्यात एक प्रामाणिकपणा होता. स्मरण, रचना आणि कौशल्य यांची परीक्षा घेत आहोत, हे ती उघडपणे सांगत होती.

पुढे साधने बदलली. जॉन गॉफ रँड याने १८४१ मध्ये धातूच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले आणि तैलरंग बाहेर नेणे सुकर झाले. बार्बिझाँच्या परिसरातील चित्रकारांनी अरण्यातच मुक्काम केला. दोबिन्यीने १८५७ मध्ये नावेलाच चित्रशाळेचे रूप दिले. मोनेने १८९० ते १८९४ या काळात गवताच्या गंजी आणि रुआँचे कॅथीड्रल यांच्या मालिका रंगविताना एका वेळी अनेक कॅनव्हास हाताशी ठेवले. प्रकाश बदलला की तो कॅनव्हास बदलत असे. अशा रीतीने बाहेरच्या अभ्यासाला चित्राची प्रतिष्ठा लाभली, पण ती प्रकाशाची अट मान्य करूनच.

आजच्या स्पर्धेत ही अट घड्याळाकडे गेली आहे. सूर्य तासाला सुमारे १५ अंश सरकतो. चार तासांच्या स्पर्धेत तो ६० अंश सरकलेला असतो. सकाळी नऊ वाजता घाटाच्या पायऱ्यांवर पडलेली लांब सावली एक वाजता जवळजवळ नाहीशी होते. अनुभवी स्पर्धक पहिल्या अर्ध्या तासात सावल्या निश्चित करतो आणि उरलेला वेळ त्या निश्चयाशी इमान राखतो. नवखा स्पर्धक दर तासाला दुरुस्ती करीत जातो आणि त्याच्या चित्रात तीन प्रकारचा प्रकाश एकत्र येतो. पहिल्याचे चित्र सुसंगत दिसते. परंतु तीन तास तो समोरच्या दृश्याकडे किती पाहत होता आणि आपल्या जुन्या चित्रांच्या स्मरणावर किती विसंबून होता, हे त्या सुसंगतीवरून कळत नाही.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात ही परंपरा वसाहतकालीन कलाशिक्षणाबरोबर रुजली. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले आणि बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ मध्ये झाली. या वातावरणात इंग्रजी पद्धतीचे पारदर्शक जलरंग येथील चित्रकारांनी आत्मसात केले. एम. के. परांडेकर, एल. एन. तासकर आणि सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांची नावे या संदर्भात आदराने घेतली जातात.

जलरंगाचे हे तंत्र दमट हवेच्या देशातून आले, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. ओलसर कागदावर रंग सोडावा, तो सावकाश पसरावा आणि कडा विरघळाव्यात, या अपेक्षेवर त्याची उभारणी आहे. दख्खनच्या पठारावर एप्रिलच्या उन्हात रंगाचा ओघ पाहता पाहता वाळतो आणि त्याची कड कोरडी, स्पष्ट उमटते. कोकणात पावसाळ्यात तोच ओघ वाळता वाळत नाही. येथे काम करणाऱ्या चित्रकाराला म्हणूनच तंत्रात फेरफार करावा लागतो : कागद उलट बाजूनेही भिजवावा लागतो, सावलीची जागा शोधावी लागते, रंग अधिक पातळ ठेवावा लागतो, किंवा कोरड्या कडेचाच उपयोग करून घ्यावा लागतो. हवामानाने तंत्राला केलेली ही पहिली दुरुस्ती होय. ती चित्रशाळेत शिकविता येत नाही.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान (निधन १९३१) यांचे उदाहरण येथे अर्थपूर्ण ठरते. मुंबईत शिक्षण घेऊन ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि कोटितीर्थासारख्या गावच्याच परिसराकडे ते पुनःपुन्हा वळले. रोजच्या परिचयाच्या जागेत नयनरम्यतेचा नवेपणा उरत नाही. तेथे पाहणाऱ्याला प्रकाशातील आणि ऋतूतील सूक्ष्म फरकच शोधावे लागतात. एका दिवसाच्या स्पर्धेत असा सहवास संभवत नाही, हे मान्यच आहे. परंतु या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या उपक्रमाने तिच्यातील सहवासाचे तत्त्व निदान ओळखावे, अशी अपेक्षा गैर नाही.

वाईचा घाट : एक उदाहरण

कृष्णाकाठची वाई ही चित्रकारांच्या आवडीची जागा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर, त्यापुढील पायऱ्या आणि नदीचे पात्र यांची असंख्य चित्रे झाली आहेत. त्यांतील नेहमीची मांडणी डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही : एका बाजूला शिखर, तिरक्या उतरणाऱ्या पायऱ्या, पाण्यात हलणारे प्रतिबिंब आणि डोळा ठरावा म्हणून लाल लुगड्यातील एखादी आकृती.

या मांडणीत वाईचे काय येते? मंदिराची मागील भिंत मत्स्याकृती बांधलेली आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगावे आणि दोन्ही बाजूंनी निघून जावे, हा तिचा हेतू. म्हणजे या वास्तूचा आकारच नदीच्या वेगाने ठरविला आहे. पायऱ्यांची संख्या आणि उंचीही पाण्याच्या चढउताराला सामोरी जाते. नेहमीच्या चित्रात मात्र नदी हा शांत आरसा असतो, तिचे काम प्रतिबिंब पुरविण्याचे. मंदिर, पायऱ्या आणि पाणी एकत्र का आहेत हा प्रश्नच चित्रात उपस्थित होत नाही. त्यामुळे ते चित्र नाशिकचे, पैठणचे किंवा अन्य कोणत्याही घाटाचे म्हणून खपू शकते. शेजारच्या मेणवलीच्या घाटाला तर ‘स्वदेस’ (२००४) सारख्या चित्रपटांनी आणखी एक तयार प्रतिमा दिली आहे. चित्रकार तेथे पोचतो तेव्हा ती प्रतिमा त्याच्या आधीच पोचलेली असते.

विजेच्या तारा, सिमेंटची डागडुजी, उभ्या केलेल्या गाड्या हे सारे चित्रात यावेच, असा आग्रह येथे नाही. वगळण्याचा अधिकार चित्रकाराला आहे. प्रश्न एवढाच, की वगळणे हा त्या जागी घेतलेला निर्णय होता की घरूनच आणलेली सवय होती? समीक्षेला या दोहोंत भेद करता आला पाहिजे.

संकेत आणि दुरुस्ती

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. सवयीशिवाय कोणीच पाहत नाही, मग सवयीला दोष का द्यावा? ई. एच. गॉम्ब्रिच यांनी ‘आर्ट अँड इल्यूजन’ (१९६०) या ग्रंथात हाच मुद्दा विस्ताराने मांडला आहे. चित्रकार कोऱ्या नजरेने निसर्गासमोर बसत नाही. तो आधीच शिकलेल्या आराखड्यापासून आरंभ करतो आणि त्यात दुरुस्त्या करीत जातो. इंग्लंडमधील डरवेंटवॉटर हे सरोवर एका युरोपीय शिलामुद्रणात आणि चिआंग यी या चिनी चित्रकाराच्या चित्रात किती निराळे दिसते, याची तुलना त्यांनी केली आहे.

हा आक्षेप स्वीकारूनही प्रस्तुत भूमिका टिकते. किंबहुना ती अधिक स्पष्ट होते. गॉम्ब्रिच यांच्या मांडणीत आराखड्याइतकेच महत्त्व दुरुस्तीला आहे. दुरुस्ती थांबली की आराखडा साचा बनतो. आपल्याकडे शालेय वयातच हा साचा पक्का होतो : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळत येणारी नदी, झोपडी आणि नारळाचे झाड. शासकीय रेखाकला परीक्षांत स्मरणचित्राला स्थान आहे, समोर बसून निसर्ग रंगविण्याला स्वतंत्र स्थान नाही. त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांना स्थळासमोर बसण्याची पहिली संधी स्पर्धेतच मिळते. ती संधी एका बालिश साच्याच्या जागी एक सफाईदार साचा बसविण्यात खर्ची पडावी, ही शैक्षणिक हानी होय. प्रात्यक्षिकांच्या चित्रफिती आज सहज उपलब्ध असल्याने असा सफाईदार साचा मिळविणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

परीक्षणाची दिशा

स्पर्धेत चित्रे ओळीने मांडली जातात आणि परीक्षक थोड्या वेळात शेकडो कागदांवरून नजर फिरवितो. अशा स्थितीत ठळक छायाप्रकाश, मोकळा फटकारा आणि मधोमध राखलेला शुभ्र कागद यांचा प्रभाव लगेच पडतो. अडखळत शोधलेले रंगसंबंध मागे राहतात. हा परीक्षकाच्या सचोटीचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे.

स्पर्धाच नको, हा एक पर्याय पुढे आलेला आहे. गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या चळवळीत लोक एकत्र जमून प्रत्यक्ष स्थळी रेखाटने करतात. त्या स्थळाची आणि वेळेची प्रामाणिक नोंद करणे हा तिचा पाया आहे. साध्या, अप्रसिद्ध जागाही चित्रविषय होऊ शकतात, हे या चळवळीने दाखवून दिले. तथापि जेथे प्रत्येक चित्राचे स्वागतच होते तेथे चिकित्सा दुबळी होण्याचा धोका संभवतो. महाविद्यालयाला चिकित्सा सोडता येणार नाही.

म्हणून स्पर्धा ठेवूनच काही बदल करता येतील. परीक्षकांनी काम चालू असताना परिसरात फिरावे आणि समोरचे दृश्य व कागद एकत्र पाहावेत. आरंभीची छोटी रेखाटने चित्रासोबत मागवावीत. त्यांवरून चित्रकाराचा विचार कसा बदलत गेला हे कळते. प्रत्येक स्पर्धेत एक तरी परिसर रूढ अर्थाने देखणा नसलेला असावा : एस.टी. स्थानक, बाजार समितीचे आवार, ओढ्यालगतची वस्ती. निकालानंतर परीक्षकाने चित्रांसमोर उभे राहून कारणे सांगावीत. आणि विद्यार्थ्यांना त्याच जागी, वेगळ्या ऋतूत, पुन्हा एकदा न्यावे. या सूचनांना खर्च फारसा नाही. वेळ मात्र लागतो.

समारोप

प्रत्यक्षस्थळी निसर्गचित्रणात भाग घेणे म्हणजे काही तासांपुरते स्वतःच्या पद्धतीला परक्या जागेच्या हवाली करणे होय. त्यातून निर्दोष चित्र निर्माण होईलच असे नाही. पुष्कळदा ते फसेल. तीन प्रकारचा प्रकाश एकत्र आणणारे नवख्याचे चित्र सदोष आहे हे खरे, पण त्या चित्रकाराने तीन वेळा मान वर करून पाहिले याचा तो पुरावाही आहे. अशा चित्राला पारितोषिक द्यावे असे नाही. मात्र परीक्षकाला ते पाहणे दिसावे आणि त्याने ते त्या विद्यार्थ्याला बोलून दाखवावे, एवढे झाले तरी या उपक्रमाला शैक्षणिक अर्थ प्राप्त होईल. तसे होत नसेल, तर कागदावर शिक्का मारून विद्यार्थ्यांना घाटावर पाठविण्याचे प्रयोजन उरत नाही. जुन्या रोम पारितोषिकाप्रमाणे बंद खोली पुरेशी आहे.