प्रतिभेचा हजेरीपट

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. बारावीचा निकाल लागला होता, तेव्हा पेढे घेऊन आली असावी, असे मला वाटले. पेढे होतेच, पण त्यांच्यामागोमाग एक प्रश्नही आला. "सर, मला लेखिका व्हायचंय. विद्यापीठात त्याचा कोर्स असतो म्हणे, घरबसल्याही करता येतो. करू का? आमचे बाबा म्हणतात, लिहायला का कुणी शिकवतं?"

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण दहावी, म्हणजे आमच्या आजोबांच्या भाषेत मॅट्रिक, आणि त्यावर हाताला वळण लावणारी चित्रकलेची पदविका. कादंबऱ्या लिहिल्या त्या कुठल्याही वर्गात न बसता. तेव्हा 'बाबांचं बरोबर आहे' असे म्हणून मला मोकळे होता आले असते. पण जीभ रेटेना. मुंबईची जे. जे. कलाशाळा 1857 साली सुरू झाली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तेव्हापासून चित्र आणि गाणे वर्गात शिकवले जाते, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. हात शिकतो, गळा शिकतो. मग लेखणीच तेवढी आईच्या पोटातून शिकून येते काय?

मराठीत हा प्रश्न नवा नाही. प्रा. ना. सी. फडके यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' लिहून त्याला उत्तर दिले होते. ललित लेखनाला तंत्र आहे आणि ते तंत्र समजावून देता येते, असा त्यांचा दावा. पुढे या पुस्तकाची पुष्कळ टिंगल झाली. मी ते विसाव्या वर्षी पेठेतल्या वाचनालयातून आणून वाचले आणि, खोटे कशाला बोलू, मला त्याचा उपयोग झाला. कथा सुरू कोठे करावी याचाही विचार करावा लागतो, हे तोवर मला ठाऊकच नव्हते. तथापि तंत्राच्या पुस्तकाची गत पाककृतीच्या पुस्तकासारखी होते. चकलीच्या भाजणीचे प्रमाण त्यात बिनचूक मिळते. पण तळताना चकली विरघळू लागली की पुस्तक गप्प बसते आणि शेजारच्या काकूंना हाक मारावी लागते.

फडक्यांच्या तंत्राची चौकट मोडली ती नवकथेने. गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, अरविंद गोखले शेतकी शास्त्रज्ञ, पु. भा. भावे कायद्याचे पदवीधर आणि व्यंकटेश माडगूळकर तर मॅट्रिकसुद्धा नाहीत. यांतल्या एकाकडेही कथालेखनाची पदवी नव्हती. एवढ्यावरून 'पाहा, वर्गाची गरजच नाही' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो घाईचा आहे. यांना वर्ग नव्हता. वाचणारा मात्र होता.

मराठीतला लेखनाचा खरा वर्ग कोठे भरत असेल, तर तो गिरगावातल्या खटाववाडीत, मौजेच्या कचेरीत. 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तेथले गुरुजी. त्यांच्याकडे गेलेली कथा छापून तरी येई, किंवा परत येई. आणि परत येई ती नुसती 'साभार परत' नव्हे, तर तीत काय जमले आणि काय फसले हे सांगणारे पत्र घेऊन. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. एकेका कथेचे दोन-दोन, तीन-तीन खर्डे होत. आज ज्याला 'सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम' म्हणतात, त्यातला सारभाग हाच. फरक इतकाच की येथे फी नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते.

या वर्गाच्या दारावरही अदृश्य पाटी होती, हे मात्र लपवून चालणार नाही. विशिष्ट तऱ्हेची, विशिष्ट घडणीची कथाच तेथे पास होते, अशी तक्रार वाढत गेली आणि 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी त्या कचेरीसमोर 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. त्याआधी तीन वर्षे, 1966 साली, नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' प्रसिद्ध झाला होता. गिरणीत राबलेल्या, शाळेत शिपाई म्हणून काम केलेल्या कवीने आपले विद्यापीठ कोणते, हे संग्रहाच्या नावातच सांगून टाकले. चांगल्यातला चांगला मास्तर शिष्याला आपल्या वळणाचे अक्षर काढायला लावतो. हा दोष त्याच्या हेतूचा नाही, धंद्याचाच आहे. माझ्या वर्गातली साठ मुले एकच घागर काढतात, तेव्हा साठ घागरींच्या काठावर माझीच रेघ असते.

'सत्यकथा' 1982 साली बंद पडली. त्यानंतर त्या टेबलाची जागा कोणी घेतली? हल्लीचा तरुण आपली कथा फोनवरून पन्नास जणांना धाडतो, पाच मिनिटांत पन्नास अंगठे वर येतात आणि कथा होती तेथेच राहते. संपादकांना वेळ नसतो. (या अंकाचे संपादक अपवाद आहेत, असे लिहिणे मला भाग आहे.)

परदेशात हे टेबल विद्यापीठानेच उचलून आत नेले. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात लेखकांची कार्यशाळा 1936 पासून चालते. रीत साधी आहे: एकाने लिहिलेले सर्वांनी आधी वाचून यायचे, मग चर्चा करायची, आणि तोवर लेखकाने तोंड मिटून ऐकायचे. आपल्याकडच्या लेखकाला ही शिक्षा फाशीहून कठीण वाटेल! त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात 1975 साली आपले दिलीप चित्रे गेले होते. पण ते गेले ते पक्के कवी होऊन. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने 1970 साली असा वर्ग काढला. तेथून 1980 साली बाहेर पडलेल्या काझुओ इशिगुरोंना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठाने इशिगुरो घडवला, असे मी म्हणणार नाही. ऐन उमेदीत वर्षभर त्याचे लिखाण कोणी तरी नेटाने वाचले, एवढे म्हणतो. आणि ते थोडे नव्हे.

आता आपले पुणे. मराठी घेऊन एम. ए. होणाऱ्याला मम्मटाने सांगितलेली सहा काव्यप्रयोजने तोंडपाठ असतात. पण चार ओळी स्वतः रचून दाखव, असे त्याला पिढ्यानपिढ्या क्वचितच कोणी म्हटले. अलीकडे उपयोजित मराठी आले, जाहिरात आणि संवादलेखन आले; ठीक आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, फिल्म संस्थेत पटकथेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पण त्याला पदवी लागते, म्हणजे माझ्यासारख्याने फाटकातूनच नमस्कार करायचा. मीही एकदा हौसेने एका खासगी संस्थेचा ऑनलाइन वर्ग लावला होता. बारा व्याख्याने ऐकली, फी भरली, रंगीत प्रमाणपत्र आले. माझे एक पानही कोणी वाचले नाही. प्रमाणपत्रावर माझे आडनावही चुकले होते. तेवढ्यावरूनही कोणी वाचत नाही हे कळायला हरकत नव्हती.

म्हणून मी त्या मुलीला एवढेच सांगितले: "शिकवणार काय हे विचारू नकोस. तुझं लिहिलेलं कोण वाचणार आणि लेखी शेरा मिळणार की नाही, ते विचार." तिने चौकशी केली. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची सर्जनशील लेखनाची पदविका बारावीनंतर करता येते, स्वाध्याय तपासून परत मिळतात. अडचण एकच: पदविका इंग्रजीतली. मराठीत तशी सोय तिला सापडली नाही. माझ्या मते आपल्या विद्यापीठांना लाज वाटावी अशी ही एकच गोष्ट आहे. बाकीच्या तक्रारी किरकोळ.

तिने नाव घातले. पहिली गोष्ट लिहिली ती मुळशीकडे भातलावणी करणाऱ्या आजीवर. आजीच्या डोक्यावरच्या इरल्याला इंग्रजीत काय म्हणावे ते सुचेना, तेव्हा तिने 'लीफ अम्ब्रेला' लिहून टाकले. स्वाध्याय परत आला. समासात प्रश्न होता: ही छत्री एका हाताने धरून रोपे लावता येतात काय?

मुलगी हिरमुसून माझ्याकडे आली. "सर, मराठीत लिहिलं असतं तर नुसतं 'इरलं' म्हटलं की झालं असतं." मी तिच्या मराठी खर्ड्याचे पान काढले. तेथे खरेच नुसते 'इरलं' होते. मी तिला म्हटले, "माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. त्यातल्या किती जणांनी इरलं पाहिलं असेल?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग माझ्याच टेबलावर बसून तिने ते पान पुन्हा लिहिले: बांबूच्या कामट्या, त्यांवर बसवलेली पळसाची पाने, डोक्यावरून पाठीवर उतरणारा तो भार, आणि चिखलात वाकलेल्या आजीचे मोकळे असलेले दोन्ही हात.