काटकसर कोणाची?

शास्त्रज्ञांनी वापरलेले रूपक समीक्षेच्या कक्षेत येते का? माझ्या मते येते. कारण प्रयोगशाळेतून गावात सिद्धान्त पोहोचत नाही, रूपक पोहोचते. विज्ञानाची पदवी नसताना गेली अनेक वर्षे चयापचयाविषयीचे शोधनिबंध वाचत आलो. त्यात ‘काटकसरी जनुक’ हा शब्दप्रयोग मला सर्वाधिक खटकतो.

१९६२ साली जेम्स नील या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. दुष्काळात चरबी राखून ठेवणारी जनुके तगली आणि सुबत्ता येताच तीच मधुमेहाचे कारण झाली, असा तिचा आशय. बारामती-इंदापुरात ती चपखल बसते असे वाटते. जिरायतीची भाकरी खाल्लेल्या पिढीनंतर नीरा डाव्या कालव्याचा ऊस, कारखाना, दुचाकी. मधुमेहाचे कारण विचारा, “आमच्या घराण्यातच आहे” हे उत्तर तयार असते. रूपक आणि लोकसमज यांचे असे जमते.

आता दुसरी संहिता पाहू. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा छोटेखानी लेख आला. दोघांचे छायाचित्र, दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून स्थूल. लेख प्रभावी आहे, पण चित्रात दोन पुरुष आहेत आणि उत्तराचा मोठा भाग चित्राबाहेरच्या बाईपाशी आहे.

ती बाई भेटते पुणे जिल्ह्यातल्याच सहा खेड्यांत. केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून तेथील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. मात्र पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. याच अभ्यासातून कष्टाच्या कामाचा भार जास्त असलेल्या मातांची बाळे लहान असल्याचे दिसले. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. ही दोन्ही जीवनसत्त्वे पेशीत जोडीने काम करतात. त्यांच्या साखळीतूनच डीएनएवर चिकटणारे मिथाइल गट पुरवले जातात आणि कोणते जनुक किती बोलेल, हे त्या गटांवरही ठरते.

म्हणजे जनुके निर्दोष? तसे नाही. आइसलँडच्या संशोधकांनी २००६ साली टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध दाखवला. पुढच्याच वर्षी हैदराबादचे गिरिराज चांडक, याज्ञिक आणि सहकाऱ्यांना तो भारतीयांतही आढळला. पण जो धागा आइसलँडमध्येही आहे, तो एकटा आपले वेगळेपण कसा उलगडणार?

माझा आक्षेप इथे आहे. मराठीत काटकसर आपोआप होत नाही. ती कोणीतरी करते. सगळ्यांची ताटे वाढून झाल्यावर उरलेले खाणारी, दिवस भरत आले तरी उसाच्या मोळ्या वाहणारी, घरच्या म्हशीचे दूध डेअरीला घालून स्वतः कोरा चहा पिणारी बाई ती करते. बी-१२ मिळते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. ‘काटकसरी जनुक’ म्हटले की तिची उपासमार निसर्गाच्या खाती जमा होते आणि घर, शेत, कारखाना हिशेबातून सुटतात.

याचा उलटा धोकाही ओळखला पाहिजे. उद्या हेच संशोधन “आईमुळे मधुमेह झाला” असे वाचले जाईल. तो वाचनदोष जनुकाच्या गोष्टीहून क्रूर ठरेल. आईच्या रक्तात जे कमी पडले, ते तिच्या ताटात कोणी कमी वाढले, इथपर्यंत वाक्य पुरे झाले पाहिजे. रेणूंची भाषा मराठीत आणताना कर्ता गाळू नये, एवढीच माझी मागणी आहे.