पंजा-गोल पाऊल : प्रतिकृतींतील प्रमाणविचार

पंजा-गोल पाऊल : अठराव्या शतकातील इंग्लिश व अमेरिकन फर्निचरच्या कॅब्रिओल (दुहेरी वक्राच्या) पायाच्या टोकाशी कोरलेला गोल व तो पकडणारा पक्ष्याचा पंजा. मोती धरणाऱ्या चिनी ड्रॅगनच्या पंजाशी या कल्पनेचा संबंध जोडला जातो. हे पाऊल सर्रास ‘चिपेंडेल’ म्हणून ओळखले जाते. तथापि टॉमस चिपेंडेल याने १७५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकृतिसंग्रहात ते आढळत नाही. फिलाडेल्फिया येथील १८७६ च्या शतसांवत्सरिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत वसाहतकालीन शैलीची आवड वाढली आणि अशा फर्निचरच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या.

या प्रतिकृतींत कोरीवकाम अनेकदा सफाईदार असते. दोष आढळतो तो पावलाच्या आकारमानात. पाऊल हा पायाला मागाहून जोडलेला अलंकार नव्हे. गुडघा, घोटा व पाऊल एकाच चौरस छेदाच्या ठोकळ्यातून निघतात. त्यामुळे पावलाची कमाल रुंदी त्या ठोकळ्यानेच ठरते. ठोकळ्याची बाजू ७ सेंमी. असल्यास त्यात बसणाऱ्या गोलाची त्रिज्या ३·५ सेंमी. होते, तर मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सु. ४·९५ सेंमी. भरते. उरलेल्या सु. १·४५ सेंमी. जाडीत कोपऱ्यावरील बोटाचा सांधा व उठाव साधावा लागतो. लाकूड वाचविण्यासाठी ५ सेंमी.चा ठोकळा घेतल्यास ही जागा सु. १ सेंमी. उरते. अशा वेळी गोल लहान न केल्यास बोटे त्याला चिकटवलेल्या पट्ट्यांसारखी दिसतात. तो लहान केल्यास वरच्या बैठकीचा भार पावलाला पेलत नाही असे वाटते. बाजूंना तुकडे चिकटवून रुंदी वाढविली, तर काष्ठरेषांतील खंड गोलावर उघडा पडतो.

प्रादेशिक वैशिष्ट्येही प्रमाणाशी निगडित आहेत. फिलाडेल्फियाचा गोल काहीसा चपटा असतो. बॉस्टनच्या पावलात बाजूची बोटे मागे झुकतात. न्यूयॉर्कचे पाऊल जड व चौकोनी भासते. न्यूपोर्टच्या काही उत्कृष्ट नमुन्यांत नखांखालील लाकूड कोरून काढून नख व गोल यांत मोकळी जागा राखलेली असते. एका प्रदेशाच्या पंजाला दुसऱ्याचा गोल दिल्यास दोहोंचेही स्वरूप बिघडते.

मूळ वस्तूची मोजमापे जशीच्या तशी उतरविणे हाही निर्दोष मार्ग नव्हे. ओल, कीड व झीज यांमुळे जुन्या पावलांचा तळ घटतो. कधी चाके बसविण्यासाठी तो कापलेला असतो. गोलाचा सर्वांत रुंद भाग जमिनीच्या अगदी निकट आल्यास अशा घटीची शंका घ्यावी, व बैठकीची उंची आणि चारही पावले ताडून पाहावीत. लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा अधिक आकसते. म्हणून मुळात गोल असलेला छेद कालांतराने किंचित लंबवर्तुळाकार होतो. ही विकृती नव्या लाकडात कोरणे म्हणजे कारागिराचा हेतू सोडून काळाच्या परिणामाची नक्कल करणे होय.

म्हणून प्रथम संपूर्ण पायाचा पूर्णाकृती साचा करून त्यावरून ठोकळा निवडावा आणि त्यानंतरच पंजाची आखणी करावी. चांगल्या प्रतिकृतीत मूळ कारागिराचा प्रमाणविचार पुन्हा प्रत्ययास येतो. कृत्रिम झीज दाखवून तिला जुनेपण देण्याची गरज नसते; उलट तिच्यावर निर्मितीचे वर्ष कोरलेले असणे हेच प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. अन्यथा प्रतिकृती व बनावट वस्तू यांतील भेद पुसला जातो, आणि पुढील अभ्यासकाची मोजमापेही दूषित होतात.