पाणक्याची शर्यत

योर्गन लेथ हा डॅनिश दिग्दर्शक मुळात कवी. 'अ संडे इन हेल' हा त्याचा माहितीपट ११ एप्रिल १९७६ या एकाच दिवसाचा आहे. त्या दिवशी झालेली पॅरिस–रुबे ही सायकल शर्यत त्याने अनेक कॅमेरे लावून, वरून हेलिकॉप्टर फिरवून टिपली. पण चित्रपटाची सुरुवात वेगाने होत नाही. एक मिस्त्री सायकल साफ करतो, तिची चाके आणि चेन तपासतो. कॅमेरा त्याच्या हातांवर रेंगाळतो आणि प्रेक्षकालाही तिथेच थांबवून ठेवतो. पुढचे जवळजवळ दोन तास काय पाहायचे आहे, हे लेथ इथेच ठरवून देतो: आधी काम, मग पराक्रम.

मग नायक येतात. एडी मर्क्सने ही शर्यत तीनदा जिंकलेली. रॉजर द व्लामिंकनेही तीनदा, आणि तो चौथ्या विजयासाठी आलेला. तरुण, तडफदार फ्रेडी मार्टेन्स. इटलीचा फ्रान्चेस्को मोझर. निवेदक त्यांची ओळख एखाद्या महाकाव्यातल्या वीरांसारखी करून देतो. या चौघांतलाच कुणीतरी जिंकणार, अशी आपली खात्री होते. लेथचीही असावी.

या शर्यतीचा इतिहास चित्रपट तारखांनी सांगत नाही, रस्त्याने सांगतो. १८९६ साली तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या रुबेच्या दोन कापड गिरणीवाल्यांनी आपल्या गावच्या नव्या वेलोड्रोमची जाहिरात व्हावी म्हणून ती सुरू केली. पहिला विजेता जर्मनीचा योझेफ फिशर. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचा हा उत्तर भाग तोफांनी अक्षरशः नांगरला गेला. १९१९ मध्ये मार्गाची पाहणी करायला गेलेल्या मंडळींना उजाड गावे आणि जळक्या झाडांचे बुंधे दिसले. 'उत्तरेचा नरक' हे शर्यतीचे नाव त्या दृश्यावरून पडले, वाटेवरच्या फरसबंदीच्या दगडांवरून नव्हे. दगडांचा मान नंतरचा. साठच्या दशकात गावोगाव डांबर पोचले आणि शर्यत मऊ पडू लागली. तेव्हा आयोजक मुद्दाम शेतांमधल्या, बीट वाहून नेणाऱ्या गाड्यांच्या फरसबंद वाटा शोधत हिंडले. पूर्वी खाणकामगार असलेल्या झाँ स्ताब्लिन्स्कीने त्यांना आरेनबर्गच्या जंगलातली वाट दाखवली. आपण ज्या जमिनीखाली राबलो, तिच्याच वरून शर्यत न्यायला सांगणारा हा सायकलपटू मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा माणूस वाटतो.

हा कामगारांचा मुलूख लेथ विसरत नाही. 'ल पारिझियँ लिबेरे' या वृत्तपत्राच्या छपाई कामगारांचा झगडा तेव्हा चालू होता, आणि शर्यतीच्या आयोजनात या वृत्तपत्राचाही हात होता. निदर्शक रस्त्यावर येतात, शर्यत अडते. जगातले नामांकित खेळाडू सायकली धरून ताटकळत उभे राहतात. दुसऱ्या कुणी हा भाग व्यत्यय म्हणून कापून टाकला असता. लेथने तो ठेवला. रस्ता कुणाचा, हा प्रश्न त्यामुळे न बोलता चित्रपटात येऊन बसतो.

त्या वर्षी पाऊस नव्हता, धूळ होती. फरसबंदीवर घोळका शिरतो आणि मोटारी-मोटारसायकलींच्या लोटात माणसे दिसेनाशी होतात. हँडलवरचे हात थडथडतात. पंक्चर होते, कुणी पडतो, कुणी चाकासाठी हात वर करून उभा राहतो. यावर गुनर म्योलर पेडर्सनचे समूहगान चढते, जणू चर्चमधली प्रार्थना चालू आहे. एकदोन ठिकाणी ते जरुरीपेक्षा मोठे होते असे मला वाटते, कारण दगडांचा खडखडाट पुरेसा होता. पण हेलिकॉप्टरमधून धुळीची लांबच लांब रेघ शेतांतून सरकताना दिसते, तिथे ते गान अगदी जागेवर पडते.

मार्टेन्स पडतो आणि शर्यतीबाहेर जातो. मर्क्स मागे राहतो. पुढे उरतात चौघे: द व्लामिंक, मोझर, हॉलंडचा हेनी कायपर आणि मार्क डेमेयर. डेमेयर म्हणजे मार्टेन्सचा मदतनीस. धन्यासाठी वारा अंगावर घ्यायचा, पाणी आणून द्यायचे, पाठलाग करून दमायचे आणि शेवटी बाजूला व्हायचे, हे त्याचे काम. लेथने दोन वर्षांपूर्वी जिरो द इतालियावर जो चित्रपट केला, त्याच्या नावातच तारे आणि पाणके शेजारी शेजारी होते. इथे धनीच उरला नाही. रुबेच्या वेलोड्रोमवर शेवटच्या धावेत डेमेयर पुढे निघतो आणि मोझर, द व्लामिंक दोघांनाही मागे ठेवतो. ज्याच्यासाठी चित्रपटाने प्रस्तावना लिहिली नव्हती, तो जिंकतो. लेथ कथा सावरायला जात नाही, मागे जाऊन डेमेयरला नायक बनवत नाही. या प्रामाणिकपणामुळेच हा चित्रपट मला मोठा वाटतो.

त्यानंतर स्नानगृह. सिमेंटच्या बुटक्या आडोशांमागे काळवंडलेली माणसे अंग धुतात आणि पत्रकार तिथेही प्रश्न विचारत असतात. धूळ उतरते तसे चेहरे ओळखू येऊ लागतात. आज त्या आडोशांवर विजेत्यांच्या नावाच्या पितळी पाट्या आहेत.

द व्लामिंकने पुढच्याच वर्षी आपला चौथा विजय मिळवला. मोझर १९७८ पासून सलग तीनदा जिंकला. डेमेयरला ही शर्यत पुन्हा जिंकता आली नाही. जानेवारी १९८२ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. सायकल शर्यतीवर याच्या तोडीचा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. मोठ्या पडद्यावर पाहायची संधी आली, तर ती सोडू नका.