पोपटपंची आणि विश्वास : 'अ‍ॅलेक्स अँड मी'

न समजतां पाठ म्हणणाराच्या बोलण्यास आपण 'पोपटपंची' म्हणतों. आयरीन पेपरबर्ग या विदुषींचें २००८ सालीं प्रसिद्ध झालेलें 'अ‍ॅलेक्स अँड मी' हें आत्मनिवेदन वाचून खालीं ठेवल्यावर तो शब्द पूर्वीच्या सहजतेनें तोंडांतून निघत नाहीं. आफ्रिकेंतील राखी पोपटाच्या सहवासांत घालविलेल्या तीस वर्षांची ही हकीकत आहे.

बाई मूळच्या रसायनशास्त्राच्या. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं त्याच शास्त्रांत मिळविली. १९७७ सालीं शिकागोकडील एका दुकानांतून त्यांनीं अ‍ॅलेक्सला आणलें, तेंही स्वतः न निवडतां. दुकानांतील माणसानें हातास येईल तो पक्षी दिला. 'हुशार पाहून घेतला' असा आक्षेप मागाहून कोणीं काढूं नये, हा त्यांतील हेतु. नव्या जागीं आलेला तो पक्षी भेदरलेला होता आणि माणसाच्या हाताचा त्याला धाक वाटे. हा आरंभीचा भाग आम्हांस पुस्तकांतील उत्तम भागांपैकीं एक वाटला.

शिकवण्याची पद्धत मोठी मार्मिक आहे. दोन माणसें पक्ष्यासमोर बसत. एकानें वस्तु दाखवावी, दुसऱ्यानें तिचें नांव सांगावें. बरोबर असेल तर ती वस्तु त्याच्या हातीं यावी, चुकलें तर दृष्टीआड व्हावी. मग भूमिकांची अदलाबदल. हें पाहून पक्ष्यासही त्या खेळांत शिरावेंसें वाटे. मुख्य गोष्ट ही कीं, बक्षीस म्हणून दाणा नव्हे, तर जिचें नांव घेतलें तीच वस्तु मिळे. कागद म्हटलें कीं फाडावयास कागद! शब्द आणि वस्तु यांची गांठ अशी पडली. पुढें अ‍ॅलेक्स सुमारें पन्नास वस्तूंचीं नांवें सांगूं लागला. रंग, आकार व लहान संख्या त्याला कळूं लागल्या. दोन वस्तूंत फरक कशाचा, हें विचारल्यास तो सांगे, आणि फरक नसेल तर 'कांहीं नाहीं' या अर्थाचा शब्द उच्चारी. याला पोपटपंची कशी म्हणावी?

पुस्तकांत उणिवा आहेतच. अ‍ॅलेक्स ६ सप्टेंबर २००७ रोजीं वारला. त्यानंतर आलेल्या सांत्वनपत्रांनीं पहिलें प्रकरण इतकें भरलें आहे कीं, ज्याचा शोक करावयाचा त्याची ओळख होण्यापूर्वींच वाचक शोकानें थकतो. नोकऱ्या आणि अनुदानें यांच्या विवंचनाही लांबल्या आहेत. पण एक कबुली मोलाची आहे. शास्त्राची निष्पक्षता राखण्यासाठीं बाईंनीं आपलें प्रेम वर्षानुवर्षें आवरून धरलें. १९९९ सालच्या त्यांच्या शास्त्रीय ग्रंथांत न मावलेलें तें प्रेम येथें मोकळें होतें. शस्त्रक्रियेसाठीं पक्ष्यास वैद्याकडे ठेवून निघतांना तो शिकलेल्या शब्दांनींच क्षमा मागूं लागतो आणि परत न्या म्हणतो, तो प्रसंग वाचतांना शास्त्र कोठें संपतें, हें पाहण्याचें भान आम्हांस राहिलें नाहीं.

जो प्रश्न बाईंनीं पुरेसा विचारला नाहीं असें आम्हांस वाटतें, तो आपल्याकडे सातव्या शतकांत बाणभट्टानें विचारून ठेवला आहे. 'शुकसप्तती'तला पोपट सत्तर रात्री गोष्टी सांगून मालकिणीस घरांत थोपवितो. तो माणसांच्या कामाचा शहाणा. 'कादंबरी'तला पोपट मात्र शूद्रक राजास प्रथम सांगतो ती आपल्या घरट्याची कथा. म्हातारा शबर शाल्मली वृक्षावर चढून पिलें ओढून काढतो, पंखांखालीं पिलास झांकणारा बाप मारला जातो, आणि तें पिलूं वाळल्या पानांत पडून वांचतें. पिंजऱ्यांतल्या पोपटाचा विश्वास मिळविण्याची गोष्ट खरी येथून सुरू व्हावयास पाहिजे.

हें लिहितांना कुर्डुवाडीचें आमचें घर डोळ्यांपुढें येतें. बार्शी लाईटच्या छोट्या गाडीची शिटी ओटीवरच्या पिंजऱ्यांतून हुबेहूब ऐकूं येई. बाजारांतून पिलूं म्हणून आणलेला तो पोपट. झाड कोणतें होतें, हें कोणीं विचारलें नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपला देशी पोपट पाळणें आज गुन्हा आहे. तेव्हां तसें कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें. 'विठ्ठल विठ्ठल' म्हणेपर्यंत मिरची द्यावयाची नाहीं, ही माझी पद्धत. तो म्हणे, मिरची घेई, आणि बोटही फोडी. आजीनें त्याला कांहींच शिकविलें नाहीं. ती पिंजऱ्याशेजारीं बसून तांदूळ निवडी, स्वतःशीं बोले, मधून खोके, आणि न पाहतांच एखादा दाणा तळहातावर पुढें करी. तो दाणा तो अलगद उचली.

एका आषाढींत आजी पंढरपुरास गेली आणि पंधरा दिवस राहिली. तेवढे दिवस शिटी नाहीं, विठ्ठल नाहीं. मिरची वाटींत तशीच वाळे. ती परत येऊन ओटीच्या पायऱ्या चढूं लागली, तेव्हां ती दिसण्याआधींच आंतून तिचाच खोकला ऐकूं आला. मीं पिंजऱ्यांत बोट घालून पाहिलें. तें त्यानें पूर्वींप्रमाणेंच फोडलें.