सुजाता म्हणजे कुलीन?

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून मुलामुलींच्या नावांच्या पुस्तिका विकल्या जातात. बारशाआधी त्या घरोघर चाळल्या जातात, आपल्या वस्त्यांतूनही. एका बाजूला नाव, समोर अर्थ. वाङ्मय म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. पण जिथे कवितासंग्रह पोचत नाही तिथे नामावली पोचते. म्हणून तिची समीक्षा व्हायला हवी.

या पुस्तिकांत 'सुजाता'पुढे सहसा लिहिलेले असते : चांगल्या कुळात जन्मलेली. 'गौतमी'पुढे : गोदावरी नदी. संस्कृत कोशाच्या हिशेबाने यात चूक काहीच नाही. परंतु १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या आयाबायांनी ही नावे ठेवली ती कोश उघडून नव्हे. उपासाने खंगलेल्या सिद्धार्थाला खीर देणारी उरुवेलेची सुजाता त्यांच्यापुढे होती. स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून केस कापून, शाक्य स्त्रियांसह वैशालीपर्यंत पायी गेलेली महाप्रजापती गौतमी होती. कुळाचा माज नाकारण्यासाठी ज्या घराने धर्म बदलला, त्या घरच्या लेकीला पुस्तिका सांगते, तू कुलीन! 'मुक्ता'चेही तेच. अर्थ : मोती. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकून १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणारी मुक्ता साळवे या रकान्यात मावत नाही. व्युत्पत्ती खरी, इतिहास गाळलेला.

हे अजाणता होते असे मानायचे कारण नाही. नावांचा कायदा मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातच आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे, शूद्राचे जुगुप्सित. आणि स्त्रीचे? उच्चारायला सोपे, मनाला गोड, शेवटी दीर्घ स्वर. (मुलींच्या विभागातले कोणतेही पान उघडा आणि हा नियम किती निमूट पाळला जातो ते पाहा.) धोंडी, दगडी, कचरी ही नावे मात्र निव्वळ या कायद्याने आली असे म्हणणे अपुरे आहे. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणूनही ती ठेवली जात, आणि अनेक जातींत. कर्व्यांचे नाव धोंडोच होते. पण धोंडो केशव महर्षी झाले, त्यांच्या नावात दगड कोणाला ऐकू आला नाही. शेण उचलणाऱ्या धोंडीच्या नावात मात्र तो सर्वांना ऐकू येतो.

'नकोशी', 'नकुसा' ही नावे पुस्तिकेत नसतात, तरी त्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. काम चांगलेच झाले. पण मुलगाच हवा म्हणणारे घर बदलले की नाही, याची नोंद दाखल्यावर करता येत नाही.

आता थोडे आपल्या घरातले. यशोधरा, महामाया, रमा ही नावे आपण प्रेमाने ठेवतो. त्यांत पत्नी आणि माता अधिक आहेत. थेरीगाथेतली पुण्णिका कुठे आहे? दासीची लेक, स्वतःही दासी, थंडीवाऱ्यात नदीचे पाणी वाहणारी. नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला तिने सुनावले की असे असेल तर बेडूक-कासवेही स्वर्गात जातील. आपल्या चळवळीला याहून जवळची बाई कोणती? तरी शाळेच्या हजेरीपटावर 'पुण्णा' माझ्या पाहण्यात आलेली नाही. उच्चारायला तर ते सोपेच आहे. शेवटी दीर्घ स्वरही आहे.