सांक्ट पाउलीतील शिल्पे : स्मारक आणि वस्ती

हॅम्बुर्ग बंदराजवळच्या सांक्ट पाउली विभागातील प्रमुख रस्त्याचे नाव रेपरबान. ‘रेप’ म्हणजे जहाजाचा जाड दोर. एके काळी येथे दोर वळणाऱ्या कारागिरांच्या लांबच लांब वाटा होत्या. श्रमातून आलेले हे नाव पुढे केवळ विलासाचे वाचक झाले. या वस्तीतील सार्वजनिक शिल्पांचा विचार करताना हा अर्थपालट ध्यानी ठेवणे अवश्य आहे.

रस्त्याच्या पूर्व टोकाजवळ हुगो लेडररने घडविलेला खड्गधारी बिस्मार्क १९०६ पासून उभा आहे. सुमारे ३४ मीटर उंचीच्या या पाषाणाचा वस्तीशी काही संवाद नाही. सत्तेला तो नकोच होता. याउलट २००८ मध्ये झालेला बीटल्स-चौक वस्तीच्याच इतिहासावर आधारलेला आहे. १९६० ते १९६२ या काळात लिव्हरपूलची ही अप्रसिद्ध पोरे येथील इंद्रा, कायझरकेलर, टॉप टेन, स्टार-क्लब या ठिकाणी रात्र-रात्र वाजवीत होती. चौकाची काळी वर्तुळाकार फरसबंदी ग्रामोफोनच्या तबकडीसारखी असून तिच्यावर पोलादी बाह्यरेषांच्या आकृती आहेत. ढोलवादक पीट बेस्ट की रिंगो स्टार, हे मुद्दामच संदिग्ध ठेवले आहे. ही कल्पना चतुर खरी. पण स्मरण कशाचे, असा प्रश्न उरतोच. पोकळ रेषांत पाहुणा उभा राहतो, छायाचित्र काढून घेतो. त्या रात्रींतली मोलमजुरी मात्र शिल्पात कोठेच नाही. आहे ती पुढे लाभलेली कीर्ती.

हर्बर्टश्ट्रासे या गल्लीच्या दोन्ही तोंडांशी नाझी राजवटीत उभारलेले आडपडदे आजही आहेत. त्यांना कोणी कलाकृती म्हणत नाही. तरीही लपविणे आणि लपविल्याची जाहिरात करणे, ही दोन्ही कार्ये ते एकाच वेळी करतात. या वस्तीविषयी त्यांच्याइतके स्पष्ट बोलणारे शिल्प विरळाच.

खरा विचार करावयास लावते ते एल्बेकाठचे ‘पार्क फिक्शन’ हे उद्यान. नदीकाठच्या या मोकळ्या जागेवर इमारती उठणार होत्या. १९९० नंतरच्या दशकात रहिवाशांनी विरोध केला. पण नुसता निषेध न करता कलावंतांसह जागेचे नियोजनच हाती घेतले. मुलांनी, म्हाताऱ्यांनी, दुकानदारांनी आपापल्या इच्छा सांगितल्या, रेखाटल्या. रात्री कल्पना सुचणाऱ्यांसाठी दूरध्वनीचीही सोय होती, आणि रात्रीच्या या वस्तीला ती साजेशीच म्हणावयाची. २००२ मध्ये कासेलच्या ‘डोक्युमेंटा’ प्रदर्शनात या प्रयोगास स्थान मिळाले. २००५ मध्ये उद्यान रीतसर खुले झाले. समोर बंदर, मध्ये लाटांसारखी हिरवळ आणि धातूचे ताडवृक्ष. निव्वळ शिल्प म्हणून पाहिले तर हे ताड बाळबोधच, किंबहुना हास्यास्पद. परंतु त्यांची कलात्मकता आकारात शोधणे हीच चूक ठरेल. ती ज्या खटाटोपातून ते उगवले त्यात आहे. तथापि हाही युक्तिवाद निर्वेध नाही. वस्तीचे आकर्षण वाढले की भाडीही वाढतात, आणि ज्यांच्या इच्छेतून बाग झाली त्यांनाच तिच्याजवळ राहणे जड जाऊ शकते. २०१३ मध्ये इस्तंबूलच्या गेझी उद्यानातील आंदोलनाला पाठिंबा म्हणून रहिवाशांनी आपल्या बागेच्या नावात ‘गेझी’ हा शब्द जोडला.